दिव्याच्या उजेडांत रोपें वाढतात काय?

नवरात्रांत आपल्यापैकीं पुष्कळांच्या देवघरांत घट बसतो. कलशाभोंवतीं माती पसरून तींत सात किंवा नऊ धान्यें पेरतात, वर फुलांची माळ सोडतात आणि शेजारीं नंदादीप तेवत ठेवतात. नऊ दिवसांनीं तें धान वीतभर उंच होतें, आणि दसऱ्याला आपण तें टोपींत खोंवतों किंवा वेणींत माळतों. पण या धानाचा रंग कोणता असतो, हें आपण कधीं नीट न्याहाळलें आहे काय? शेतांतलें त्याच वयाचें रोप हिरवेंगार, आखूड आणि ताठ असतें. देवघरांतलें धान मात्र फिकट पिवळें, उंच, सडपातळ आणि फुंकर घातली तरी लवणारें असें असतें. आपण त्या पिवळेपणाला सोन्याची उपमा देतों, व ती शोभतेहि. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें पाहिल्यास तें धान उपाशी असतें. नवल असें कीं, नऊ दिवस अहोरात्र एक दिवा त्याच्या उशाशीं जळत असतो!

मग दिव्याच्या उजेडांत रोप वाढतें कीं नाहीं? आणि वाढत असेल, तर नंदादीपाजवळचें धान उपाशी कां? आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे.

मी राहतों तें मिरजोळें गांव रत्नागिरी शहराला अगदीं खेटून आहे. औद्योगिक वसाहतीमुळें त्याचें नांव आतां पुष्कळांस ठाऊक झालें आहे. या बाजूला जांभ्या दगडाचीं कौलारू घरें अजून आहेत, तशाच तीन-चार मजली इमारतीहि उभ्या राहिल्या आहेत. आणि जुन्या घराचें अंगण सोडून अशा इमारतींत राहावयास आलेल्या कुटुंबांपैकींच आमचें एक. अंगण सुटलें, पण अंगणांतली तुळस कांहीं सुटली नाहीं. आमच्या मातोश्रींनीं ती कुंडींतून दुसऱ्या मजल्यावर आणली आणि पश्चिमेच्या सज्जांत ठेवली. आठ महिने ती तेथें सुखानें राही. परंतु मृग लागला कीं समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यापावसाचा मारा त्या सज्जावर असा होई कीं, कुंडी आंत घेण्यावांचून गत्यंतर नसे. आंत आली कीं तिची रया जाऊं लागे. आषाढांत पानें लहान होत, श्रावणांत काटक्या दिसूं लागत, आणि भाद्रपदांत नवें रोप आणण्याची वेळ येई. मातोश्री कधीं मातीला दोष देत, कधीं पाण्याला, कधीं नातवंडांच्या हाताला. मला संशय आला तो उजेडाचा. त्या संशयाच्या पाठीमागें लागून मीं घरांत जे लहानसहान प्रयोग केले, त्यांतून जें उमगलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम आपल्या डोळ्यांविषयीं बोललें पाहिजे. कारण या बाबतींत सर्वांत मोठा फसवा साक्षीदार तोच आहे. भर दुपारीं उन्हांतून घरांत आल्यावर क्षणभर अंधारी येते आणि मग सारें स्वच्छ दिसूं लागतें. उजेड वाढलेला नसतो. डोळ्यानें आपली बाहुली मोठी करून घेतलेली असते. रोपाला अशी सोय नाहीं. त्याच्यावर जितका प्रकाश पडेल तितकाच त्याचा. हा फरक आंकड्यांत पाहिला म्हणजे मनुष्य थक्क होतो. प्रकाश मोजण्याचें एक माप लक्स या नांवाचें आहे. निरभ्र दुपारीं उघड्या अंगणांत सुमारें एक लक्ष लक्स प्रकाश पडतो. आकाश काळ्या ढगांनीं भरून आलें कीं तो पांच-दहा हजारांवर येतो. त्याच दिवशीं खिडकीपासून दोन हात आंत पाहावें, तर पांचशे लक्स हीहि चैनच समजावी. आणि रात्रीं दिवा लावून आपण सुखानें वर्तमानपत्र वाचतों तेव्हां कागदावर दीड-दोनशे लक्स असले तरी पुरे होतात. आपणांस हीं सर्व ठिकाणें ‘उजेडाचीं’च वाटतात. मेणबत्तीच्या ज्योतीपासून फूटभर अंतरावर साधारण दहा लक्स प्रकाश पडतो. नंदादीपाची ज्योत तेवढीच धरली, तर घटांतल्या धानाला अंगणाच्या दहा हजाराव्या हिश्शाइतका उजेड मिळतो. त्याला उपाशी म्हटलें, तें यामुळें.

आतां ‘उपाशी’ या शब्दाचा अर्थ नीट पाहूं. हिरवें पान हें एखाद्या गृहस्थाच्या संसारासारखें आहे. त्याला जमाहि आहे आणि खर्चहि आहे. हवेंतला कर्बद्विप्राणिद वायु आणि मुळांनीं शोषलेलें पाणी यांपासून प्रकाशाच्या बळावर पान साखर तयार करतें, ही जमा. आणि रात्रंदिवस श्वसन करून तें त्यांतलीच साखर जाळीत असतें, हा खर्च. प्रकाश भरपूर असला कीं जमा खर्चाच्या कितीतरी पट होते, आणि शिलकेंतून नवीं पानें, मुळें, फुलें उभीं राहतात. प्रकाश कमी कमी होत गेला कीं एक बिंदु असा येतो, जेथें जमा आणि खर्च सारखेच होतात. तुळस, मिरची, मेथी यांसारख्या उन्हांत वाढणाऱ्या झाडांच्या बाबतींत हा बिंदु हजार लक्सच्या आसपास येतो असें धरावयास हरकत नाहीं. म्हणजे पावसाळ्यांत आमच्या खिडकीआड ठेवलेली ती तुळस रोज थोडें थोडें मुद्दल खाऊन जगत होती. पाणी अधिक घातल्यानें किंवा खत दिल्यानें ही तूट भरून येत नाहीं; उलट ओल्या मातींत मुळें मात्र कुजतात. घटांतल्या धानाचेंहि तेंच. दाण्यांतली शिदोरी संपेपर्यंत तें उजेडाच्या शोधांत उंच उंच वाढतें. सारी शक्ति उंचीवर खर्च होते. पानांत हिरवा रंग भरावयास पुरेसा प्रकाश मिळत नाहीं.

याच्याहि पुढची गोष्ट अशी कीं, रोपाला केवळ प्रकाशाचा जोर पुरत नाहीं. दिवसभराची बेरीज लागते. कोंकणांतल्या मनुष्यास ही गोष्ट पावसावरून चटकन समजेल. रत्नागिरीस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तो मोजतांना सर किती जोराची होती हें कोणी विचारीत नाहीं. चोवीस तासांत पर्जन्यमापकांत किती पाणी सांचलें हें पाहतात. प्रकाश हाहि एका अर्थीं पाऊसच आहे. तो अतिसूक्ष्म कणांनीं पडतो. शास्त्रज्ञ त्यांस फोटॉन म्हणतात. पान हा त्या पावसाचा मापक. या मापकावरच्या खुणेस मोल म्हणतात, आणि एक चौरस मीटर जागेवर दिवसभरांत किती मोल कण पडले यावर पिकाचें भवितव्य ठरतें. स्वच्छ उन्हाच्या दिवशीं आपल्याकडे अंगणांत चाळीस मोलांहून अधिक प्रकाश पडतो. पालेभाजीला बारा ते पंधरा मोल लागतात. टोमॅटोसारख्या फळभाजीला वीस ते तीस. नुसतीं कोंवळीं रोपें काढावयाचीं असतील तर चार-सहा मोलांवरहि निभावतें. आणि पांचशे लक्सच्या खिडकीआड दिवसाकाठीं किती जमतो? मोलाचा जेमतेम तिसरा हिस्सा! नंदादीप तर चोवीस तास जळूनहि मोलाचा पन्नासावा भाग भरीत नाहीं.

आतां दिव्याकडे वळूं. जुना तारेचा दिवा या कामास निरुपयोगी होता. तो विजेची बहुतेक शक्ति उष्णतेंतच दवडी, आणि रोपाजवळ नेला तर पानें करपत. नळीदिवे आले तेव्हां प्रयोगशाळांतून त्यांच्या उजेडांत रोपें वाढवूं लागले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत ऊतिसंवर्धनाचें, म्हणजे रोपाच्या लहानशा तुकड्यापासून कांचेच्या नळींत नवें रोप तयार करण्याचें, मोठें काम झालें. बांबू हा जन्मांत एकदांच, तोहि कित्येक वर्षांनीं फुलतो. परंतु तेथील रजनी नाडगौडा, व्ही. ए. पारशरामी आणि ए. एफ. मस्करेन्हस यांनीं कांचेच्या पात्रांतील बांबूच्या रोपांस अवघ्या कांहीं महिन्यांत फुलें आणून दाखविलीं, आणि १९९० सालीं ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकांत तें प्रसिद्ध झालें. त्या फुलांचें श्रेय पोषकद्रवांत घातलेल्या संप्रेरकांस आहे, दिव्यास नव्हे. परंतु अंगणाचा स्पर्श न होतां बंद खोलींत रोप जगतें, वाढतें, फुलतेंहि, ही गोष्ट आपल्याच प्रांतांत किती पूर्वीं सिद्ध झाली होती, हें लक्षांत यावें म्हणून हें उदाहरण दिलें.

एल. ई. डी. म्हणजे प्रकाश देणारा डायोड. हा दिवा तार तापवून उजेड पाडीत नाहीं. अर्धवाहक पदार्थाच्या कणभर तुकड्यांतून वीज वाहूं लागली कीं त्यांतूनच एका ठराविक रंगाचा प्रकाश बाहेर पडतो. डोळ्यांस दिसणारा तांबडा प्रकाश देणारा असा डायोड अमेरिकेंत निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं तयार केला. निळा रंग मात्र पुढें तीस वर्षें हातीं लागत नव्हता. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शूजी नाकामुरा या जपानी वंशाच्या तीन शास्त्रज्ञांनीं तो साधला, आणि त्याबद्दल त्यांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या घरांतला पांढरा एल. ई. डी. दिवा वस्तुतः निळाच असतो. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप असतो आणि दोन्ही मिळून डोळ्यास पांढरे दिसतात. २०१५ च्या जानेवारींत सुरू झालेल्या सरकारच्या ‘उजाला’ योजनेनें असे छत्तीस कोटींहून अधिक दिवे वांटले गेले, आणि जी वस्तु एके काळीं प्रयोगशाळेची होती ती किराणा दुकानांत लटकूं लागली. आपणांस घरबसल्या प्रयोग करतां येतो तो यामुळें.

रोपाला कोणत्या रंगाचा दिवा द्यावा, हा प्रश्न मोठा मनोरंजक आहे. १८८२ सालीं एंगलमन नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें शेवाळाच्या एका तंतूवर इंद्रधनुष्याचे रंग पाडले आणि भोंवतालच्या पाण्यांत प्राणवायूची आवड असलेले सूक्ष्म जंतु सोडले. जंतूंची गर्दी झाली ती तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांत. म्हणजे तेथेंच प्राणवायु अधिक निघत होता. यावरून तांबडा आणि निळा हेच रोपाचे रंग, असा समज रूढ झाला. १९९१ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथील संशोधकांनीं अवकाशयानांत भाजी पिकविण्याच्या हेतूनें तांबड्या डायोडांखालीं, निळ्या प्रकाशाची जोड देऊन, लेट्यूसची पालेभाजी वाढवून दाखविली. बाजारांत ‘रोपांचा दिवा’ म्हणून जांभळा उजेड देणारे जे दिवे मिळतात, त्यांचें मूळ यांत आहे.

परंतु हिरवा प्रकाश रोपास अगदींच निरुपयोगी आहे, हें खरें नव्हे. १९७२ सालीं मॅक्री या शास्त्रज्ञानें बावीस पिकांचीं पानें तपासून दाखविलें कीं, चारशेपासून सातशे नॅनोमीटरपर्यंतचे सर्वच रंग कमीअधिक प्रमाणांत उपयोगी पडतात. पान हिरवा प्रकाश थोडासाच परत फेंकतें. उरलेला आंत खोलवर जाऊन खालच्या थरांस मिळतो. म्हणून घरगुती कामास साधा पांढरा दिवा उत्तम. हें शहाणपण मला अनुभवानें आलें. पहिल्या पावसाळ्यांत मीं महागडा जांभळा दिवा आणला. सारी खोली नाटकांतल्या राक्षसाच्या प्रवेशासारखी दिसूं लागली, मातोश्रींनीं तेथें बसणें सोडलें, आणि मुख्य म्हणजे त्या रंगांत पानें काळींच दिसत असल्यामुळें त्यांवर पडलेला रोग मला आठ दिवस कळलाच नाहीं. त्या वर्षीं तुळस गेली ती माझ्या शास्त्रामुळें, असें घरांत अजून म्हणतात.

रंगाइतकीच महत्त्वाची गोष्ट रात्रीची. दिवा आहे म्हणून तो चोवीस तास जळत ठेवावा, असें पुष्कळांस वाटतें. परंतु रोपें रात्रीची लांबी मोजतात, आणि त्यावरून फुलण्याची वेळ ठरवितात. ही गोष्ट अमेरिकेंतील गार्नर आणि अलार्ड यांनीं १९२० सालीं तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांनीं पुढें आणली. शेवंती रात्र लांबली कीं फुलते; म्हणून तिचें फूल लांबणीवर टाकावयाचें झाल्यास बागाईतदार रात्रीं तिच्यावर दिवे लावतात. ड्रॅगन फ्रूटचें याच्या उलट. तें लांब दिवसांत फुलतें, म्हणून हिवाळ्यांतहि फळ मिळावें या हेतूनें महाराष्ट्रांतील कित्येक शेतकरी त्याच्या मळ्यांत रात्रीं एल. ई. डी. दिव्यांच्या माळा पेटवितात. तेथें दिवा रोपाचें पोट भरीत नाहीं. तो फक्त रात्र तोडतो, आणि त्याला थोडा उजेड पुरतो. कोथिंबिरीला दिवस फार लांबला तर ती पाला सोडून लवकर फुलावर येते. तिला बारा तास पुरेत. मेथी आणि तुळस यांस चौदा तास द्यावेत. पण अंधार सर्वांसच असूं द्यावा.

आतां प्रत्यक्ष प्रयोग. ज्यांना हौस असेल त्यांनीं तुळशीपासून नव्हे, मेथीपासून आरंभ करावा. मुंबईच्या बाजारांत वाळूंत वाढविलेल्या कोंवळ्या समुद्रमेथीच्या इवल्याशा जुड्या मिळतात, त्या आपल्या ओळखीच्याच आहेत. तसलेंच हें पीक. एकाच डब्यांतली मूठभर मेथी घ्यावी, रात्रभर भिजवावी आणि तिचे मोजून तीन सारखे भाग करावेत. एकाच आकाराचीं तीन पसरट भांडीं, तळाला भोंकें पाडून, एकाच मातीनें भरावींत. पहिलें खिडकीशीं ठेवावें, दुसरें दिव्याखालीं, आणि तिसरें देवघराच्या कोपऱ्यांत, जेथें घट बसतो तेथें. पाणी तिन्हींस सारखें, वेळ सारखी. एका वेळीं एकच गोष्ट निराळी ठेवणें हा प्रयोगाचा पहिला नियम आहे. दिव्याबरोबर खतहि बदललें, तर यश कोणाचें हें कधींच कळावयाचें नाहीं. दहा दिवसांनीं प्रत्येकांतली भाजी कापून घरच्या तराजूंत तोलावी. पण उंचीवर जाऊं नये! कोपऱ्यांतली मेथी सर्वांत उंच निघेल आणि वजनांत सर्वांत हलकी भरेल. उंची ही पुष्कळदां भुकेची खूण असते, हा या प्रयोगाचा खरा धडा आहे.

दिवा कसा बांधावा? चार फुटी, वीस वॅटचे दोन साधे पांढरे एल. ई. डी. नळीदिवे शेजारीं शेजारीं फळीला बसवावेत, आणि त्यांच्या खालीं चार फूट लांब व एक फूट रुंद एवढीच जागा पेरावी. पानांपासून दिवा वीतभर अंतरावर असावा आणि रोप वाढेल तसा वर सरकावा. छताचा दिवा कामाचा नाहीं. एकट्या गोळ्यापासून अंतर दुप्पट केलें कीं उजेड चौथाईवर येतो. दोन्ही बाजूंस पांढरे पुठ्ठे उभे केले, तर वायां जाणारा प्रकाश परत येतो. अशा रचनेंत पानांवर सहा-सात हजार लक्स प्रकाश पडतो, आणि चौदा तासांत पांचएक मोल जमा होतात. कोंवळ्या मेथीला एवढें पुरतें. तुळशीला हिरवीगार ठेवावयाची तर कुंडीभोंवतीं याच्या दुप्पट उजेड लागतो. हल्लींच्या मोबाईल दूरध्वनींत प्रकाश मोजण्याची सोय असते. तिचे आंकडे काटेकोर नसले तरी खिडकी आणि दिवा यांची तुलना करावयास पुरेसे आहेत.

दोन सावधगिरीच्या सूचना. पावसाळ्यांत आमच्याकडे भिंतींना घाम येतो. तेथें वीज आणि पाणी शेजारीं आणणें हा खेळ नव्हे. तारेचे सांधे उघडे नसावेत, जोडणी तज्ञाकडून करून घ्यावी, आणि पाणी घालण्यापूर्वीं दिवा बंद करावा. दुसरें असें कीं, दमट हवेंत दाट पेरलेल्या रोपांना बुरशी चटकन लागते. लहानसा पंखा मंद फिरत ठेवावा आणि मातीचा वरचा थर सुकल्याशिवाय पाणी घालूं नये. माझीं पहिलीं तीन भांडीं बुरशीनें गेलीं, आणि तिन्ही वेळां मीं दोष दिव्याला दिला होता.

येथपर्यंत ऐकून कोणा तरुणाच्या मनांत येईल कीं, मग खोल्या भाड्यानें घेऊन दिव्यांची शेतीच कां करूं नये? जाहिरातीहि तसें सांगतात. त्यांस माझें सांगणें एवढेंच कीं, पैसे गुंतविण्यापूर्वीं कागद-पेन्सिल घेऊन बसावें. चांगला दिवा विजेच्या एका युनिटांत सात मोलांच्या आसपास प्रकाश देतो. उत्तम व्यवस्था असली तर एका मोलामागें सुमारें एक ग्रॅम सुकें वजन रोप तयार करतें. म्हणजे एका युनिटला सात ग्रॅम. भाताच्या रोपांत यांतला निम्मा भाग पेंढा. तेव्हां दाणा साडेतीन ग्रॅम. एक किलो तांदुळासाठीं पावणेतीनशेहून अधिक युनिटें जाळावीं लागतील! आपल्या देयकावरचा दर पाहून याचा गुणाकार ज्यानें त्यानें करावा. पालेभाजीचें गणित निराळें. तिच्यांत शेंकडा नव्वदांहून अधिक पाणीच असल्यामुळें तेच सात ग्रॅम शंभर ग्रॅमांच्या जुडीएवढे होतात. म्हणजे जुडीमागें एक युनिट, आणि हेंहि सर्व कांहीं सुरळीत झाल्यास. श्रावणांत घाटावरून येणारी कोथिंबीर वाटेंत सडते आणि भाव चढतो, तेव्हां घरच्या जुडीला ही किंमत द्यावयास हरकत नाहीं. परंतु अंगणांत सूर्य जे चाळीस मोल रोज फुकट ओततो, त्याच्याशीं दिव्यानें स्पर्धा करूं नये. जेथें सूर्य पोंचत नाहीं तेथेंच दिव्याची खरी जागा.

अशी एक जागा आपल्या शास्त्रज्ञांनीं नुकतीच दाखविली. ३० डिसेंबर २०२४ रोजीं पी. एस. एल. व्ही. अग्निबाणानें जें यंत्रसाहित्य आकाशांत नेलें, त्यांत एका बंद पेटींत चवळीचे आठ दाणे होते. चौथ्या दिवशीं त्यांस मोड आले, आणि पुढें पानेंहि फुटलीं. ज्या चवळीची उसळ आपल्या घरीं नेहमीं होते, तीच चवळी पृथ्वीभोंवतीं फिरतां फिरतां रुजली. दूरच्या प्रवासांत माणसाला ताजें पान मिळावयाचें असेल, तर तें दिव्याखालींच मिळावयाचें आहे. त्याची ही पहिली तयारी.

आमच्या मिरजोळ्याच्या तुळशीला एवढा प्रवास नाहीं. पण मृगापासून घटस्थापनेपर्यंतचे ते चार महिने तिलाहि कांहीं लहान नव्हते. गेल्या दोन पावसाळ्यांत ती पांढऱ्या दिव्यांखालीं राहिली. पहिला पंधरवडा कांहींच फरक दिसला नाहीं. नंतर जुन्या पानांच्या बेचक्यांतून नवी पालवी फुटली. तिचीं पानें अंगणांतल्या तुळशीहून मऊ आणि वासाला किंचित् कमी असतात, हें मातोश्रींनीं पहिल्याच दिवशीं सांगितलें, आणि तें खरें आहे. पाऊस ओसरला कीं त्या कुंडी सज्जांत नेतात. तेंहि एकदम नव्हे. दिव्याखालच्या पानांना ऊन्ह एकाएकीं सोसत नाहीं, म्हणून आठ दिवस अर्ध्या सावलींत, मग उन्हांत. तुळशीच्या लग्नाच्या वेळीं ती अंगावर मंजिऱ्या घेऊन उभी असते.

येत्या नवरात्रांत आपल्या घरीं घट बसेल तेव्हां एक गोष्ट करून पाहा. घट जसा बसतो तसाच बसूं द्या. त्याच्या धानाचें सोनें आहे तसेंच राहूं द्या. मात्र पेरून उरलेलें धान्य दुसऱ्या एका वाडग्यांत मातीवर टाकून दिव्याखालीं वीतभर अंतरावर ठेवा. दसऱ्याच्या सकाळीं दोन्ही भांडीं शेजारीं शेजारीं मांडा आणि घरांतल्या मुलांना विचारा कीं, उंच कोण आणि सशक्त कोण. उत्तर तीं स्वतःच देतील, आणि तें कां, हेंहि शोधूं लागतील.